डबा विकायचा की नीट करायचा?

दिवाळीपासून आमच्या घरात एकच विषय चालू आहे, डब्याचं काय करायचं. डबा म्हणजे आमची बोलेरोच्या मागे लावायची कॅराव्हॅन. बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, रिटायर झाल्यावर नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरकडून ती बनवून घेतली होती, आरसीवर २०११ साल आहे. लोखंडी चौकट, वरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, आतून प्लाय आणि सनमायका, मधे थर्माकोल. एक मोठा पलंग, पोरांसाठी वरखाली दोन बर्थ, छोटा ओटा, सिंक, शंभर लिटरची पाण्याची टाकी. रामटेक, खिंडसी, पेंचच्या बाजूला सिल्लारी, काटोलकडे आत्याबाईंच्या संत्र्याच्या बागेत, उन्हाळ्यात चिखलदरा, अशी आमची पोरं या डब्यातच मोठी झाली म्हटलं तरी चालेल.

आता पंधरा वर्षं झाली त्याला. आणि घरात जितकी माणसं तितकी मतं. भाऊजी म्हणतात विकून टाका, आजकाल कोण मागे डबा ओढत फिरतं, सरळ ट्रॅव्हलर मिनीबस घ्या आणि त्यातच घर बनवा. नवऱ्याचं म्हणणं की डबा चांगला आहे, फक्त एसी टाकू, लिथियम बॅटरी टाकू, छतावर सोलर टाकू, नवा सोफा करू, झालं. बाबा काही बोलत नाहीत, रोज सकाळी चहा घेऊन एकदा डब्याभोवती चक्कर मारून येतात तेवढंच. आणि आईंना कोणी विचारलंच नव्हतं, त्याबद्दल पुढे सांगते कारण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच निघालं.

मला पहिल्या दिवसापासून एक गोष्ट खटकत होती. सगळे जण वरच्या वस्तूंवर बोलत होते. एसी किती टनाचा, सोफ्याचं कापड कोणतं, टीव्ही लावायचा का. अरे पण ज्या खोक्यात हे सगळं बसवायचं ते खोकं अजून किती वर्षं टिकणार हे कोणी पाहिलंच नाही ना. चौकट गेलेली असेल तर त्यात दोन लाखाचं सामान टाकणं म्हणजे ते पैसे गेलेच, कारण कॅराव्हॅनमधे घातलेला पैसा विकताना परत येत नाही. आपल्याकडे जुन्या कॅराव्हॅनचा बाजारच नाही फारसा, घेणारा भेटला तरी तो चाकं, एक्सल आणि पत्र्याच्या हिशोबानेच भाव करतो. म्हणून मी म्हटलं की आधी तीन गोष्टी पाहू. पाणी कुठे शिरलंय, वजन किती आहे आणि पुढची सात-आठ वर्षं यात झोपणार कोण. या तिन्हीची उत्तरं आली की मग नवीन घ्यायची की जुनी ठेवायची ते आपोआप कळेल, तोपर्यंत सोफ्याचं नाव काढायचं नाही.

पाण्याचं आधी सांगते कारण त्यातच सगळ्यात जास्त वेळ गेला आणि कॅराव्हॅन मरते ती पाण्यानेच मरते. इंजिन नाही, गिअरबॉक्स नाही, बिघडायला आहे काय तिच्यात? पण छताच्या जोडातून थेंब थेंब पाणी आत जातं, प्लायमधे मुरतं, आणि बाहेरून दोन-दोन वर्षं काही दिसत नाही. नागपुरात हे जास्त होतं याचं कारण आपलं ऊन. थंडीतल्या पहाटे छताचा पत्रा दहा डिग्रीवर असतो आणि मे महिन्यात दुपारी सत्तरला जातो, हात लावला तर चटका बसतो. अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. चार मीटरचा पत्रा धरला तर साठ डिग्रीच्या फरकाला तो साडेपाच मिलीमीटरच्या आसपास वाढतो आणि त्याच्या खालची लोखंडी चौकट तीनच्या आत. म्हणजे दर उन्हाळा-हिवाळ्यात दोघांमधे अडीच मिलीमीटरची खेचाखेच चालू, आणि मधे बिचारा स्क्रू आणि सीलंट. स्क्रूचं भोक मोठं होत जातं, सीलंट कडक होऊन फाटतं, आणि मग जुलैत आपला विदर्भातला पाऊस येतोच.

तर एका रविवारी मी आणि माझा छोटा मुलगा, दोघं स्क्रूड्रायव्हर घेऊन आत बसलो. स्क्रूड्रायव्हरची मूठ उलटी धरून भिंतीवर, खाली फरशीवर, खिडक्यांच्या खाली, कोपऱ्यात ठोकत जायचं. चांगला प्लाय असेल तर टक टक असा कोरडा आवाज येतो, आणि जिथे ओल आहे तिथे धप असा बसका. छताला, मधल्या भिंतींना सगळीकडे टक टक. पलंगाकडची मागची भिंत टक टक. सिंकच्या खाली एकदम धप. सनमायकाची कड जराशी उचललेली होती, नखाने ओढली तर हातभर निघून आली, आणि आतला प्लाय भिजलेल्या बिस्किटासारखा, बोटाने दाबलं की बोट आत. काळपट रंग, बुरशीचा वास. बाहेरच्या बाजूने त्याच जागी पाहिलं तर खिडकीच्या वरच्या पट्टीत स्क्रूभोवती पांढरी भुकटी जमलेली. अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना टेकून आणि त्यात पाणी असलं की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, ती ही भुकटी. तुमच्याकडे जुना पत्र्याचा डबा असेल, कॅराव्हॅन असो की शाळेची व्हॅन, तर स्क्रूभोवती पांढरं दिसलं की तिथून पाणी आत जातंय असं समजायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी वेल्डिंगवाल्या चाचांना बोलावलं. बाबांची त्यांची जुनी ओळख, डबा बनला तेव्हापासून त्यावरचं सगळं काम त्यांनीच केलंय. त्यांनी सिंकखालचा प्लाय सगळा काढला, चौकटीचा पाइप उघडा केला, हातोडीने हळूहळू ठोकत गेले. दोन ठिकाणी पापुद्रे सुटले, पण आत लोखंड जाड. म्हणाले, "भाभी, फ्रेम सही है. ये कोना काटके नया पाइप डाल दूंगा, बाकी को रेड ऑक्साइड मारो और भूल जाओ." मी त्यांना तीन-तीनदा विचारलं, नक्की ना चाचा? तर त्यांनी मला खाली सतरंजीवर आडवं करून चॅसिसच्या खालून टॉर्च मारून दाखवलं. दोन्ही लांब गर्डर सरळ, कुठे तडा नाही. पुढचा दांडा, ज्याला कपलर, म्हणजे गाडीला जोडायचा भाग, लागतो, तिथल्या वेल्डिंगजवळ मात्र एक बारीक रेघ दिसली. ती रंगाची रेघ आहे की लोखंडाची, ते रंग घासल्याशिवाय कळणार नाही म्हणाले. या रेघेवर बरंच काही अवलंबून आहे, कारण दांडा ही एकच गोष्ट अशी की जिथे भागवून घेणं चालतच नाही, धावत्या हायवेवर डबा सुटला तर आपलं जे व्हायचं ते होईल पण मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याचा काय गुन्हा?

सीलंटबद्दल एक गोष्ट जरूर लिहून ठेवा. आपल्याकडे कुठेही गळलं की आधी सिलिकॉनची ट्यूब मारतात, नाहीतर एम-सील थापतात. सिलिकॉनवर नंतर दुसरं काही चिकटत नाही, सिलिकॉनवर सिलिकॉनसुद्धा नीट धरत नाही, पूर्ण खरवडून काढावं लागतं. एम-सील कडक होतं, आणि वर सांगितलं तसं पत्रा हलतो, त्यामुळे ते एका उन्हाळ्यात सुटतं. अशा जोडाला खाली ब्यूटाइल टेप आणि वरून पॉलियुरेथेन सीलंट लागतं, दोन्ही लवचिक राहतात आणि पत्र्याबरोबर हलतात. महाग आहे जरा, पण छताची सगळी पट्टी एकदा उघडून हे केलं की पुढचा प्रश्नच मिटला. आम्ही प्लायसुद्धा यावेळी आयएस ७१० लिहिलेला मरीन ग्रेडच घेणार, लकडगंजला जाऊन बाबा स्वतः भाव काढून आलेत. आणि थर्माकोलच्या जागी जिथे जिथे भिंत उघडेल तिथे पफची, म्हणजे कडक फोमची, शीट, ती तेवढ्याच जाडीत ऊन जास्त अडवते आणि पाणीही पीत नाही.

आता वजन. हे मला स्वतःला माहीतच नव्हतं की इतकं कामाचं आहे. आमचा एक जुना त्रास होता. पेंचला जाताना मनसरच्या पुढे, देवलापारकडे, मोठा ट्रक शेजारून गेला की डबा मागे डोलायला लागतो, डावी-उजवी, डावी-उजवी, आणि नवरा स्टेअरिंग घट्ट धरून स्पीड कमी करतो. पण येताना त्याच रस्त्याला, तसेच ट्रक, आणि डबा एकदम सरळ. कोणी म्हणायचं वारं, कोणी म्हणायचं जाताना घाई असते. मग कळमन्याजवळच्या एका धरमकाट्यावर नेऊन डब्याचं वजन केलं, प्रवासाला निघतो तसं सगळं भरून, पाण्यासकट. नऊशे वीस किलो. मग कपलरचा भाग भंगारवाल्याच्या प्लॅटफॉर्म काट्यावर टेकवला, त्याच्याकडे गर्दी नसताना, तो बिचारा आनंदाने तयार झाला. नाकावर आले बासष्ट किलो फक्त.

यातला ठोकताळा असा की ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण दहा ते पंधरा टक्के वजन पुढे, गाडीला जोडायच्या बॉलवर पडायला पाहिजे. नऊशे वीसला किमान ब्याण्णव. बासष्ट म्हणजे सातसुद्धा नाही भरत. नाक हलकं पडलं की शेपूट जड होते आणि डोलणं सुरू होतं, स्पीड वाढला की आणखी. आणि जाताना का आणि येताना का नाही, तर पाण्याची टाकी! ती मागच्या पलंगाखाली आहे, एक्सलच्या मागे दीड मीटर. जाताना शंभर लिटर म्हणजे शंभर किलो मागे, येताना टाकी रिकामी. आम्ही तिथेच टाकी रिकामी करून परत काट्यावर ठेवलं तर नाकावर एकशे बारा किलो. छोटा तर नाचायलाच लागला, त्याच्या दहावीच्या विज्ञानातलं काहीतरी पहिल्यांदा घरच्या कामी आलं. आता टाकी एक्सलच्या थोडी पुढे, जमिनीलगत बसवायची. काम दोन दिवसांचं, खर्च किरकोळ, आणि इतकी वर्षं जे डबा जुना झाला म्हणून होतंय असं वाटत होतं ते डब्याच्या वयाचं नव्हतंच. नवीन डबा घेतला असता आणि फॅब्रिकेटरने पुन्हा टाकी मागेच दिली असती तर तोही असाच डोलला असता.

वजनावरून आणखी एक. साडेसातशे किलो ही ट्रेलरच्या वर्गवारीतली रेघ आहे, तिथपर्यंत टी-वन आणि त्याच्या वर साडेतीन टनापर्यंत टी-टू. आमचा डबा टी-टूमधे येतो आणि त्याला स्वतःचे ब्रेक आहेत, गाडीने ब्रेक मारला की डबा पुढे ढकलला जातो आणि त्या धक्क्याने त्याचे ब्रेक लागतात, त्या पद्धतीचे. चिखलदऱ्याचा घाट उतरताना त्यांचीच खरी परीक्षा. त्यामुळे ब्रेक शू, बेअरिंग, ग्रीस, हे सगळं यावेळी उघडून करायचंच आहे, डबा ठेवला तर. टायरचंही तसंच. त्यांची नक्षी अजून नव्यासारखी आहे, म्हणून सगळे म्हणतात काय गरज आहे? पण टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. आमच्यावर २३१८ आहे, म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजून नाही मरत, उभे राहून राहून उन्हाने मरतात. बाजूने बारीक भेगा आहेतच. आता समृद्धी महामार्ग पूर्ण ७०१ किलोमीटर सुरू झाल्यापासून सगळ्यांना डबा घेऊन शिर्डी-नाशिकला जायचंय, तापलेल्या काँक्रीटवर तासन् तास चालायचं तर आठ वर्षांचे टायर घेऊन मी तरी पोरांना बसवणार नाही. दोन्ही बदलायचे, स्टेपनीसकट.

मग तिसरा प्रश्न, झोपणार कोण. मोठी पुण्याला शिकायला गेली, ती आली तरी चार दिवसांसाठी आणि तिला आता वरच्या बर्थवर पाय पसरता येत नाहीत. छोटा दोन वर्षांनी कुठे असेल माहीत नाही. म्हणजे पुढची वर्षं डबा मुख्य वापरणार ते आई-बाबा आणि आम्ही दोघं. मी एका दुपारी तुरीच्या शेंगा सोलता सोलता आईंना सरळच विचारलं, आई तुम्हाला काय पाहिजे डब्यात? त्या आधी म्हणाल्या मला काय, तुम्ही जे करून राहिले ते चांगलंच करून राहिले. मग जरा वेळाने म्हणाल्या, "रात्री उठा लागते ना मला. दोनदा तीनदा. त्या पायरीवरून अंधारात उतरा लागते, मंग बॅटरी घेऊन कोणालातरी उठवा लागते. म्हणून मी संध्याकाळपासून पाणीच नाही पित तिथे."

हे ऐकून मला कसं झालं ते लिहिता येत नाही. आम्ही एसीवर वाद घालून राहिलो आणि ही बाई जंगलात संध्याकाळपासून पाणी न पिता बसत होती, गुडघे दुखत असताना त्या उंच पायरीवरून रात्री उतरत होती, आणि एका शब्दाने कधी बोलली नाही. त्यांचं त्यावर असं की आपल्यामुळे कोणाची सहल खराब व्हायला नको.

तर त्या दिवशी यादी बदलली. पोरांचे वरखाली बर्थ काढायचे. त्या जागेत दार लावून छोटं टॉयलेट, खाली बाहेर काढून रिकामी करता येणारी टाकी असलेलं पोर्टेबल, त्याला प्लंबिंग लागत नाही. पलंग गुडघ्याच्या उंचीचा, म्हणजे बसून सहज उठता येईल असा, कारण आत्ताचा फार खाली आहे. दाराशी एकाऐवजी दोन पायऱ्या, रुंद, आणि दोन्ही बाजूंना धरायला स्टीलचा दांडा. पलंगाच्या खाली पायाजवळ रात्रभर चालेल असा छोटा पिवळा लाइट. यातलं काहीच महाग नाहीये. आणि यातली एकही गोष्ट आम्हाला नव्या डब्यांच्या कोटेशनमधल्या एकाही चित्रात दिसली नाही, तिथे होता टीव्ही, निळे लाइट आणि बाहेर लावायचे स्पीकर.

भाऊजींच्या ट्रॅव्हलरचा मी मनापासून विचार केला, उगीच नाही म्हटलं नाही. मोटर कॅराव्हॅन चालवायला सोपी, रिव्हर्स घ्यायला सोपी, ट्रेलर रिव्हर्स घेणं म्हणजे स्टेअरिंग उलटं फिरवायचं, ते येईपर्यंत नवऱ्याने आत्याबाईंच्या बागेचं कुंपण पाडलंय. २०२१ ला महाराष्ट्राचं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आलं, तेव्हापासून भाड्याच्या गाड्याही दिसायला लागल्या. पण आम्ही वर्षातून मोजक्या वेळा बाहेर पडणारी माणसं. बाकी महिने ती गाडी उभी. इंजिन असलेली गाडी उभी ठेवली तर बॅटरी उतरते, इन्शुरन्स, पीयूसी, सर्व्हिसिंग चालूच राहतं. डबा उभा राहिला तर ताडपत्री टाकायची आणि टायरवर पोतं. आणि दुसरं म्हणजे सिल्लारीला गेल्यावर सकाळी साडेपाचला सफारीच्या गेटवर जायचं असतं, डबा झाडाखाली ठेवून बोलेरो काढली की झालं. ट्रॅव्हलर असेल तर रोज सकाळी अख्खं घर आवरून, गॅस बांधून, भांडी कपाटात कोंबून निघायचं, आणि आई-बाबांना सफारीला यायचं नसेल तर त्यांनी कुठे बसायचं? भाऊजींना हे पटलं नाहीये अजून, पण त्यांचं म्हणणं त्यांच्या घरापुरतं बरोबर आहे, ते दर आठवड्याला कुठेतरी जातात आणि एका जागी दोन रात्री थांबत नाहीत.

नवीनच डबा बनवायचा तर आम्हाला आठ ते दहा लाखांच्या मधले आकडे सांगितले. वरून थांबायचं सहा महिने. त्यात आपल्याकडे तयार कॅराव्हॅन शोरूममधे उभी नसते, बहुतेक वेळा बनवूनच घ्यावी लागते, आणि बनवणाऱ्याचं आतलं काम आपण पाहू शकत नाही. ज्यांनी दाखवली त्यातल्या एका नव्या कोऱ्या डब्यात मी स्क्रूड्रायव्हर नाही पण बोटाने ठोकून पाहिलं, भिंत पातळ, खिडकीभोवती फक्त सिलिकॉन. पाच वर्षांनी त्याचं काय होईल ते मला आमच्या सिंकखाली दिसलंच होतं.

एसीचं थोडक्यात. एक टनाचा एसी चालायला हजार-बाराशे वॅट घेतो. शंभर अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी पूर्ण भरली की जेमतेम तेराशे वॅट-तास. म्हणजे एक तास चालेल, मग बंद. जंगलात रात्रभर चालवायचा तर बॅटऱ्यांची रांग लागेल, आणि वजन, आणि पैसे. आम्ही थंडीत जातो नाहीतर चिखलदऱ्याला, जिथे अकराशे मीटर उंचीवर रात्री पंखाही नको वाटतो. त्यामुळे एसी रद्द, नवऱ्याला दोन दिवस वाईट वाटलं. लिथियम बॅटरी मात्र घेणार, कारण आत्ताची दीडशेची ट्युब्युलर पन्नास किलोच्या वर आहे आणि तिचा निम्माच चार्ज वापरायचा असतो, लिथियम शंभरची बारा-तेरा किलोची आणि त्यातला ऐंशी-नव्वद टक्के वापरता येतो. फक्त तिची जागा थंड पाहिजे. बऱ्याच लिथियम बॅटऱ्यांवर चार्जिंगची वरची मर्यादा ४५ डिग्रीच्या आसपास लिहिलेली असते आणि आपल्याकडे मे महिन्यात ते बाहेरचंच तापमान असतं, पत्र्याच्या आत तर विचारूच नका. म्हणून ती पलंगाखाली, सावलीच्या भिंतीला, हवा खेळेल अशी.

कागदपत्रांचं राहिलं. खाजगी वापराचा ट्रेलर असला तरी त्याचं स्वतःचं आरसी असतं, पंधरा वर्षांनी तपासणी करून पुढे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं. आमचं यंदाच येतंय, त्यामुळे निर्णय पुढे ढकलता येण्यासारखा नव्हता. आणि २०१९ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून गाडीच्या मूळ बांधणीत बदल करायचा विषय कडक झालाय, म्हणून आम्ही बाहेरचं माप, एक्सल, चॅसिस यातलं काहीही बदलत नाही, लांबी वाढवून टॉयलेट मागे काढू असं कोणी सुचवलं होतं ते तिथेच सोडलं. आत फर्निचर बदलायचं. तरी बाबा आधी आरटीओत जाऊन विचारून येणार आहेत, त्यांना असल्या कामात आनंदच वाटतो.

तर ठरलंय असं की डबा ठेवायचा. सिंकचा कोपरा, छताचे सगळे जोड, टाकी पुढे, टायर, ब्रेक, बेअरिंग, आईंचं टॉयलेट आणि पायऱ्या, बॅटरी, याच क्रमाने, आणि पैसे संपले तर यादीत खाली जे उरेल ते पुढच्या वर्षी. सगळं मिळून दोन लाखांच्या आत बसतंय. सोफ्याचं कापड सगळ्यात शेवटी.

फक्त ती दांड्यावरची रेघ. चाचा येत्या गुरुवारी रंग घासून पाहणार आहेत. वरवरची निघाली तर काम सुरू. वेल्डिंगच्या मुळातून तडा असेल, आणि तो गर्डरपर्यंत गेलेला असेल, तर मी स्वतःच म्हणणार की डबा विका आणि नवीन बनवायला टाका, पण मग मोजमाप आपलं, टाकीची जागा आपण सांगू ती आणि जोडाला ब्यूटाइल टेप आपल्यासमोर लावायचा. बाबांना मी हे सांगून ठेवलंय. ते म्हणाले, गुरुवारी मीही खाली झोपून पाहीन, टॉर्च चार्ज करून ठेव.